लांबून दिसेल असं कुंकू

"मोठं लाव. लांबून दिसलं पाहिजे," असं म्हणत सासूबाईंनी गिरिजाच्या हातून करंडा घेतला आणि स्वतःच तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू रेखलं. मग मंगळसूत्र स्वेटरच्या बाहेर काढून मधोमध आणलं.

गिरिजा नुसती उभी राहिली. आताशा तिला कशाचंच काही वाटत नसे.

सुनेत्राबाईंचे नियम अमेरिकेत शुगर लँडला येऊनही पुण्यातल्यासारखेच कडक होते. चतुर्थी चुकली नव्हती, सोवळं सुटलं नव्हतं, आणि सासरे गेल्यापासून त्यांच्या स्वतःच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. सुनेला ही कुंकवाची सक्ती मात्र गॅस स्टेशनवरच्या गोळीबारानंतर सुरू झाली.

न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. ऑफिसला जाताना पेट्रोल भरायला थांबलेल्या माणसाला मारणाऱ्यानं आधी "मुसलमान आहेस का?" असं विचारलं होतं. उत्तर ऐकायला तो थांबला नव्हता. पकडल्यावर त्यानं छाती फुगवून सांगितलं, की हे देवाचं काम होतं. मराठी मंडळाचं धाबं दणाणलं. कुणी गाडीला अमेरिकेचा झेंडा लावला, कुणी दाढी काढली, कुणी गणपतीचं लॉकेट शर्टाबाहेर आणलं.

"आई, उशीर होतोय."

"होऊ दे. आणि तुझ्या देवदत्तसारखं करू नकोस. तो दारात माझ्याकडून गंध लावून घ्यायचा आणि गाडीत बसला की पुसायचा. ऑफिसात बरं दिसत नाही म्हणे! मला कळत नव्हतं होय?"

गिरिजानं गाडीची किल्ली उचलली.

"तुला काही झालं तर त्याला काय तोंड दाखवू मी?"

संध्याकाळी दवाखान्यातलं काम आटोपून गिरिजा इंडियन ग्रोसरीत गेली. मंडळातली मीनाक्षी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत होती. गिरिजाला पाहून तिचा हात थांबला.

"अगं, हे... कपाळाला?"

"आई लावतात."

"काकू? स्वतः?"

"हो. सेफ असतं म्हणतात."

मीनाक्षीनं हातातली जुडी घाईनं टोपलीत टाकली. "काही लागलं तर फोन कर हं, एनी टाइम," असं पुटपुटत ती बिलाच्या रांगेकडे सटकली.

गिरिजा कोथिंबीर घेऊन बाहेर आली. पार्किंग लॉटमध्ये एक पिकअप हळू होत तिच्या शेजारी थांबला. आतल्या आरशाला क्रॉस लटकत होता.

"मुस्लिम?" चालवणाऱ्यानं विचारलं.

तिनं कपाळाकडे बोट दाखवलं. "हिंदू."

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "ओके. गॉड ब्लेस यू, मॅम."

पिकअप पुढे सरकला. पलीकडे हिजाब घातलेली एक बाई ट्रॉलीतल्या पिशव्या गाडीत ठेवत होती. पिकअपमधून भिरकावलेली बाटली फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ त्या बाईची किंकाळी. गिरिजानं कोथिंबीर शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं.

"पाहिलंस? कुंकवानं राखलं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तिचं काय, आई? जिच्या कपाळाला काही नव्हतं?"

 सासूबाईंनी टॉवेलचं टोक ओलं केलं आणि रोजच्यासारखं सुनेचं कपाळ पुसलं, लाली उरणार नाही असं. मंगळसूत्र उतरवून डबीत ठेवलं. घरात कुणाला दाखवायचं होतं?

मग त्यांनी देवापुढे निरांजन लावलं आणि सहाणेवर थोडं चंदन उगाळलं. खुर्चीचा आधार घेऊन टाचा उंचावल्या, भिंतीवरचा हार जरा बाजूला केला आणि देवदत्तच्या फोटोच्या काचेवर, कपाळाच्या जागी, गंधाचं बोट टेकवलं.

"आता तरी पुसू नकोस रे," त्या म्हणाल्या.