पन्नाशीची भेट

"खाली सरकव की वैनी. नाव खालीच असंल."

दीपाचा अंगठा मोबाइलवर थांबला होता. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तिचा नवरा वर्धमान साडेपाचला शाळेतून घरी येई. तीस वर्षांत ही वेळ चुकली नव्हती.

शालूबाई रोज गडमुडशिंगीहून दूध घालायला येई. दोन म्हशी विकून आलेले तिचे पैसे वर्धमाननेच म्युच्युअल फंडात घालून दिले होते. गल्लीतल्या अकरा बायकांचेही त्यानेच. आज तिला नातीच्या नर्सिंगसाठी आणखी लाखभर घालायचे होते. सर शाळेत होते, म्हणून ती दीपाला म्हणाली, तूच बघ.

दीपाने मोबाइलवर शालूबाईचं खातं उघडलं. तोच फंड दोनदा दिसला. एकापुढे रेग्युलर लिहिलेलं, दुसऱ्यापुढे डायरेक्ट. शेअर तेच, सांभाळणारा माणूस तोच. पहिल्याचा खर्च वर्षाला शंभराला दोन रुपये, दुसऱ्याचा पाऊण. शालूबाईचे पैसे पहिल्यात होते. दीपाने हे मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तिला कळलं की वाचायला नको होतं.

"वरचा सव्वा रुपया कोण खातंय?"

"एजंट."

"माझा कुठला एजंट? सर तर मास्तर हायत."

दीपाला तेवढंच आठवत होतं. अनुदानित शाळेतल्या मास्तरला असला धंदा करता येत नाही. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. खात्याच्या पानावर खाली एजंट म्हणून वर्धमानचं नाव निघालं, तर शालूबाई ते फाटकापासून शाळेपर्यंत ओरडत नेईल. नोकरी जाईल. तळहाताला घाम सुटला. ओल्या अंगठ्याने पान हलेना. तिने तो पदराला पुसला.

शालूबाई शोकेसमधला फोटो बघत होती. "ह्यो लई झ्याक आलाय. सरांनी हॉटेलात नेलतं तवाचा न्हवं?"

"हो. माझ्या पन्नाशीला."

लग्नानंतर वर्धमानने तिला बाहेर जेवायला नेलं ते तेवढंच. हॉलमध्ये गुंतवणुकीवर दिवसभर कुणीतरी बोललं. जेवणात बासुंदी होती. गळ्यात नावाचं कार्ड घालून फोटो काढला. व्यासपीठावरचा माणूस म्हणाला होता, पन्नाशी झालेल्यांना परीक्षा नाही, आजची हजेरी पुरे. ती गंमत समजून हसली होती. घरी आल्यावर वर्धमानने काही कागद पुढे केले. तो पेन्सिलीने फुली करून देई, तिथे ती सही करी. बँक असो, रेशन असो, तिने कधी वाचून सही केली नव्हती.

"वैनी, सापडलं न्हाय व्हय?"

"सापडतंय."

"नुसतं नाव कळू दे. साऱ्या जणींना घिऊन त्येच्या दारात जाऊन बसतो. म्हशी माझ्या, शेण माझ्या हाताला, आन् लोणी त्येला."

फाटकाशी स्कूटर थांबली. स्टँड लावल्याचा आवाज आला.

पान सरकलं. दीपाने इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. सुरुवातीचं अक्षर व्ही नव्हतं. वर्धमान नव्हता. तिने कोंडलेला श्वास सोडला.

मग तिने पूर्ण ओळ वाचली, आणि मान वर करून फोटोतल्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. दोन्हीकडे तेच लिहिलं होतं.

दीपा वर्धमान चौगुले.