पांढरी गाडी

उयारकने नवी काळी स्नोमोबाईल घेतली होती आणि दारात उभा राहून तिच्यावर पांढरी फिल्म चिकटवत होता. शिकारीच्या वेळी बर्फावर ती सीलला दिसू नये, म्हणून.

"हिचा आवाज अर्ध्या इग्लुलिक गावाला ऐकू जातो. सील बहिरे असतात का रे?" फिल्म ताणून धरत त्याचा मित्र जेपती म्हणाला.

"लांबवर बंद करून ठेवीन. तू गपचूप ताणून धर."

उयारकची आजी काठी टेकत बाहेर आली. तिने बॉनेटवरून हात फिरवला.

"अहो, नारिंगी लावा."

"नारिंगी बघून सील पळतील की!" उयारक हसला.

"पळू देत. मागच्या वेळीही तुम्ही पांढरीच घेतली होती. शोधायला आलेलं विमान दोनदा तुमच्यावरून गेलं."

जेपतीचे हात थांबले. उयारक एकोणीस वर्षांचा. ही त्याची पहिलीच गाडी. त्याच्या जन्माआधीच्या हिवाळ्यात आजीचा नवरा, थोरला उयारक, शिकारीला गेला तो बर्फ वितळू लागल्यावर सापडला. त्यानंतर जन्मलेल्या नातवाला त्याचं नाव दिलं. आणि आम्हा इनुइटांत नाव ज्याचं, माणूस तोच.

 उयारकने नखाने फिल्मचं टोक उचकटलं आणि बॉनेटवरून ती सावकाश सोलून काढली.

"तेव्हा तुला फार वाट बघायला लावली," तो तिला म्हणाला.