सहा आकडी नंबर

नळदुर्गच्या एका दवाखान्यासाठी राजेश्वरीनं पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक नंबर सहा आकडी दिसावा, म्हणून कमी पडतील तेवढी शून्यं तो आपोआप जोडायचा. नोंदी १०१पासून सुरू झाल्या, वर्षभर सुरळीत चाललं. आज दुपारी नर्स दैवशालाचा फोन आला. "ताई, रक्त चढवल्याचा फॉर्म भरतीया, पण १०१० नंबरच्या बाळंतिणीचं वय कॉम्प्युटर बहात्तर दावतोय." राजेश्वरीनं लगेच प्रोग्राम उघडला. आकड्याआधी लावायची शून्यं तिनं आकड्यानंतर लावली होती. १०१ नंबरचा म्हातारा आणि ही बाळंतीण, दोघांचाही नंबर १०१००० झाला होता. "रक्तगट कुठनं घेतला?" "कॉम्प्युटरवरनंच की." "रक्त बंद करा! तो म्हाताऱ्याचा रक्तगट आहे!" दैवशालाचा आवाज बारीक झाला. "अर्धी पिशवी गेली, ताई. बाई थंडीनं लई कापतीया, म्हणून आत्ताच चादर घातली."