आमची जागा तेवढी

बाजारपेठेचा रस्ता कसा हवा ते लोकांनीच सांगावं म्हणून नगरपालिकेने सभा बोलावली आणि एंजलने भाजीवाल्या आईला ओढतच नेलं. निघताना आईने कडुनिंबाखालच्या जागेवर गोणपाट अंथरून दगड ठेवले; तेवढं दिसलं की बाजारात कुणी जागेला हात लावत नाही. सभेत टोपलीसकट उभी राहून ती पहिल्यांदाच बोलली. "साहेब, रस्ता लई भारी करा, पण आमची जागा तेवढी ऱ्हाऊ द्या." टाळ्या पडल्या, फोटो निघाले, एंजल तर हवेतच! परतल्या तर कडुनिंबाखाली पार्किंगचे पांढरे पट्टे, गोणपाट गटारीत. "अहो, आत्ताच तर आम्हाला विचारलं!" एंजल ओरडली. "विचारायचं हुतं, विचारलं," पट्टे मारणारा म्हणाला. "नकाशा मागच्याच महिन्यात आलाय." आईने मुळा नदीकाठच्या वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली. "चल, आता गल्लोगल्ली वरडत फिरायचं. सभेत आवाज मोकळा झालाच हाय."