अंगणात राहिलेला श्वास

चामराजपेटच्या देवाप्पा शिंप्याचा दमा एका चिनी दंतवैद्याने घालवला, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. देवाप्पा दाढ काढायला गेला होता. त्याची छाती वाजताना ऐकून म्हाताऱ्या ल्याऊ डॉक्टरांनी त्याला एक चिनी कसरत शिकवली. पहाटे अंगणात उभं राहायचं, मडकं कवेत धरल्यासारखे हात गोल करायचे आणि श्वास सावकाश त्या हातांत सोडायचा.

"शेवटी तळवे बेंबीवर टेकव," डॉक्टरांनी मोडक्या कन्नडात बजावलं होतं. "सोडलेलं परत आत घ्यायचं. विसरू नको."

पावसाळा गेला, थंडी आली, तरी छाती वाजली नाही. मशीन चालवताना देवाप्पा गुणगुणायला लागला.

मग एका सकाळी, हात गोल धरलेले असतानाच दारातून हाक आली, "अण्णा, लग्नाचा कोट झाला का?" देवाप्पाचे हात बेंबीकडे न जाता सवयीने गळ्याकडे गेले, टेप चाचपायला. तो तसाच आत धावला.

दिवस मात्र झकास गेला. कापडाचा जड गठ्ठा माडीवर नेला तरी धाप लागली नाही.

संध्याकाळी बायकोने, ठकुबाईने, पुढ्यात वाफाळती कॉफी ठेवली.

"अंगणात दिवसभर कोण होतं हो? दिसलं कुणीच नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता, अगदी तुमच्यासारखा."

देवाप्पा हसला. ओठ पुढे काढून त्याने कॉफीवर फुंकर घातली.

वाफ सरळ वर जात राहिली.

आणि बाहेर अंगणात कुणीतरी सावकाश फुंकर घातली.