कच्चा काप

"हा नको, बाबा. मला कच्चा काप दे," विन्चेंझा म्हणाली आणि घाण्यातली कुजबुज थांबली.

एर्मिनियोने पुढे केलेल्या ताटलीत पावाचा काप वाफाळत होता. निखाऱ्यावर कडा काळ्या होईतो भाजलेला, वर लसूण घासलेला, त्यावर तिच्याच ऑलिव्हचं हिरवंगार तेल. तिकडे याला ब्रुस्केत्ता म्हणत. आधी अशी चव घ्यायची, मगच तेलाचे डबे उचलायचे, ही त्या डोंगरगावची रीत. काप नाकारणं म्हणजे घाणेवाल्याला तोंडावर चोर म्हणणं. त्यात एर्मिनियो परगावचा. घाणा विकत घेऊन त्याला जेमतेम महिना झालेला, हंगामाचा पहिलाच दिवस, आणि रांगेत अर्धं गाव.

"भेसळ दिसतेय रे," शेजारच्या गावचा सबातीनो खिदळला. "म्हातारीला न चाखताच कळलं."

गावातलं कुणीच हसलं नाही. सगळे खाली बघत राहिले. एर्मिनियोला वाटलं, झालं, घाण्याला कुलूप लागलं.

जुन्या मालकाने जाताना जातं, चाळण्या, वजनकाटा, सगळं समजावलं होतं. "आणि रोज एक काप कच्चा ठेवत जा," असंही तो म्हणाला होता. का, ते विचारायचं राहून गेलं. आज सकाळी ठेवलेला तो कापही एर्मिनियोने भाजून टाकला होता. उगाच वाया कशाला घालवायचा?

"आजी, कच्च्या पावाला कुणी ब्रुस्केत्ता म्हणतं का? नावातच भाजणं आहे." त्याने ताटली तिच्या छातीशी नेली. "माझं नाव बुडवू नका. सगळ्यांदेखत खा."

विन्चेंझाने काप उचलला. श्वास रोखून, डोळे मिटून तिने तो खाल्ला, काळ्या कडांसकट. मग रांगेकडे वळली.

"तेल चोख आहे. बिनधास्त घाला ऑलिव्ह."

एर्मिनियोचा जीव भांड्यात पडला. तो हसत तिचे डबे उचलू लागला. "मग एवढे आढेवेढे कशाला घेतलेत, आजी?"

"बेल्जियमला कोळशाच्या खाणीत आग लागली, तेव्हा माझी दोन्ही पोरं खाली होती," ती म्हणाली. "ओळख पटवायला मला नेलं. चेहरे उरले नव्हते, बाबा. नुसता हा वास होता."