आनेकलचा महांतेश

"मॅडम, मायनस इंटू मायनस प्लस का होतं? मला कधीच कळलं नाही," महांतेशने चॅटमध्ये टाइप केलं.

प्रश्न सातवीतला आणि वर्ग नववीचा. तरी शुभदा हसली. लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "छान प्रश्न, बेटा. लाजायचं नाही हं. पहिल्यापासून करू." आणि तिने खरंच पहिल्यापासून केलं. तीनदा केलं.

पुण्याहून मारतहळ्ळीला आल्यापासून शुभदा घरून ऑनलाइन गणित शिकवत होती. सहामाहीनंतर तिने एक जागा खेड्यातल्या मुलासाठी मोफत ठेवली. ती आनेकलच्या महांतेशने घेतली. त्याचा कॅमेरा बिघडलेला, माइक बिघडलेला. बिचारा नुसता टाइप करायचा, पण अडलेलं सगळं विचारायचा. बघता बघता पोरगा सुधारला. अपार्टमेंटमधल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला ही गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी वाण घेऊन गेलं नाही.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. तिचा मुलगा अभिराजही नववीतच. सहामाहीत त्याला गणितात ऐंशीपैकी एकोणीस. शाळेने सांगून टाकलं, वार्षिकला सुधारला नाही तर दहावीला सोपं गणित घ्या, बेसिक. मग सायन्स विसरा. अभिराजला लहानपणापासून विमानं बनवायची होती. शुभदाची झोपच उडाली. मुलाचं कसं होणार ही काळजी होतीच, आणि गणिताच्या मॅडमच्या पोटी बेसिक, हेही होतं. म्हणून रोज वर्ग संपला की ती अभिराजला समोर घेऊन बसे. पाच मिनिटांत तिचा आवाज चढे, आणि मग त्याला सात आठे छप्पनसुद्धा आठवत नसे.

"एवढं साधं येत नाही तुला? त्या महांतेशकडे बघ जरा. धड फोन नाही पोराकडे, तरी कसा शिकतो. त्याच्या पायाचं तीर्थ घे रोज."

अभिराज मान खाली घालून ऐकून घेई. एकदाच म्हणाला, "बरं."

पुढच्या चाचणीत त्याला चाळीसपैकी एकतीस मिळाले. शुभदा नवऱ्याला म्हणाली, "बघ, ओरडल्याशिवाय काही होत नाही या मुलाचं." नवरा व्हाइटफील्डहून ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून आला होता. तो हो म्हणाला.

मंगळवारी वर्ग चालू असताना महांतेशचा माइक पहिल्यांदाच सुरू झाला. चुकून बोट लागलं असावं. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. आनेकलमध्येही लोक संध्याकाळी कुकर लावतात, त्यात विशेष काही नाही. मग शुभदाकडे स्वयंपाकाला येणाऱ्या गंगव्वाचा आवाज आला, "अभी, हात पिठात हाईत माझे. स्वल्प गॅस बंद कर की."

तो आवाज एकदा दारातून आला आणि एकदा लॅपटॉपमधून.

माइक लगेच बंद झाला. चॅटमध्ये उमटलं, "सॉरी मॅडम. चुकून झालं."

शुभदा ताडकन उठली. दाराच्या कडीला हात घातला. तोंडात शब्द तयारच होते, रोजचे. पण स्क्रीनवर सगळी मुलं बघत होती. ती परत येऊन बसली.

"काही हरकत नाही, बेटा. चुकतं कधी कधी," ती म्हणाली. हे वाक्य आपण अभिराजला आजवर एकदाही बोललेलो नाही, हे तिला बोलता बोलताच कळलं. तिला रडू आलं. तिने कॅमेरा बंद केला आणि उरलेलं गणित नुसत्या आवाजावर शिकवलं.

वर्ग संपला. अभिराज नेहमीसारखा वही घेऊन आला आणि खांदे आवळून समोर बसला. शुभदाने त्याची वही मिटली.

"माझं चुकलं, अभी. आता नाही ओरडणार. उद्यापासून तुझ्याच नावाने बस, माझ्याजवळ. चालेल?"

 आईला वाईट वाटू नये म्हणून अभिराज अगदी हळू बोलला.

"परीक्षेपर्यंत महांतेशच राहू दे ना, आई. त्याचं बरं चाललंय."